रिकामं दार: ॲमेझॉनच्या क्लाउडवर पहिला जंप सर्व्हर उभारताना

तुमच्या टीमचा डेटाबेस क्लाउडच्या खाजगी जाळ्यात आहे. त्याला सार्वजनिक आयपी नाही आणि नसायलाच हवा. पण सोमवारी सकाळी एका ग्राहकाची चुकीची नोंद दुरुस्त करायची वेळ येते. नोंद डेटाबेसमध्ये आहे, तुम्ही घरी लॅपटॉपसमोर आहात आणि मधे रस्ताच नाही. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ‘दहा मिनिटांसाठी पब्लिक करू या’. ती दहा मिनिटं पुढे महिनोन् महिने चालू राहतात, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलंय. ते टाळायचं असेल तर जंप सर्व्हर हवा: बाहेरून पोचता येणारं एक छोटं यंत्र, ज्यातून पुढे आतल्या खाजगी सर्व्हरपर्यंत जाता येतं.

इंग्रजीत त्याला बॅस्टियन म्हणतात, म्हणजे बुरूज. मला हे नाव फारसं पटत नाही. बुरुजावर तोफा असतात, दारूगोळा असतो, माणसं तळ ठोकून असतात. या यंत्राचं काम पाहिलं तर ती दिंडी आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. ती अजस्र, खिळे ठोकलेली दारं बंद असली तरी उजव्या फळीत माणसापुरतं एक छोटं दार आहे. रोजची ये-जा तिथून, एका वेळी एक माणूस, पहारेकऱ्याच्या नजरेसमोर. आणि त्या दिंडीत कुणी काही ठेवत नाही. लेखभर ही एकच गोष्ट धरून ठेवा: जंप सर्व्हर रिकामा असला पाहिजे. त्यावर किल्ल्या (पासवर्डऐवजी लॉगिनला लागणाऱ्या गुप्त फाइली, म्हणजे खाजगी की) नकोत, डेटाचे बॅकअप नकोत, कुणाच्या स्क्रिप्ट नकोत.

एका कंपनीत मी असा सर्व्हर ताब्यात घेतला होता. आत शिरून पहिल्यांदा होम फोल्डर उघडलं, तर त्यात आतल्या प्रत्येक सर्व्हरची खाजगी की होती, प्रत्येक फाइलला त्या त्या सर्व्हरचं नाव दिलेलं. शेजारी ग्राहकांच्या डेटाबेसचा अख्खा डंप, दीड वर्षापूर्वीचा. कुणीही वाईट हेतूने काही केलं नव्हतं. सोयीचं म्हणून एकाने ठेवलं, दुसऱ्याने पाहून ठेवलं. पण इंटरनेटला तोंड करून उभं असलेलं एकमेव यंत्र हेच, आणि सगळा खजिना त्याच्याच उंबऱ्यावर.

एक सूचना. कमांड आणि सेटिंगची नावं इथे आपण ऑफिसात शेजारच्याला बोलून सांगतो तशी देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर अक्षरं आणि आकडे अर्थातच रोमन टाइप करायचे.

आधी हा प्रश्न विचारा: हवाच आहे का?

ॲमेझॉनवर सेशन मॅनेजर नावाची सोय आहे. आतल्या सर्व्हरवर एसएसएम एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू असतो आणि तो स्वतःच बाहेर ॲमेझॉनशी बोलतो. त्यामुळे बाहेरून एकही पोर्ट (यंत्रावरचं क्रमांकाचं दार) उघडावं लागत नाही. कुणाला आत सोडायचं ते आयएएम, म्हणजे ॲमेझॉनवरची खाती आणि अधिकार सांभाळणारी सेवा, ठरवतं. अशाच सोयी म्हणून मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरवर अझ्युअर बॅस्टियन आहे, गूगल क्लाउडवर आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सी आहे. तुमच्या टीममध्ये सगळ्यांकडे ॲमेझॉनची खाती असतील आणि आयएएमची शिस्त बसलेली असेल, तर आधी सेशन मॅनेजरच बघा. मी नव्या कामात तेच सुचवतो.

तरीही जंप सर्व्हर शिकावा लागतो. कधी बाहेरच्या सल्लागाराला क्लाउडचं खातं न देता फक्त एका डेटाबेसपर्यंत पोचवायचं असतं. कधी वापरातलं साधन एसएसएचशिवाय (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीशिवाय) दुसरं काही ओळखतच नाही. कधी नोकरीच्या पहिल्याच दिवशी दहा वर्षांपूर्वी कुणीतरी उभारलेला जंप सर्व्हर तुमच्या गळ्यात पडतो. पुढचं सगळं ॲमेझॉनचा मुंबई रीजन (तिथल्या डेटा सेंटरांचा समूह) आणि उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली धरून लिहिलं आहे. मुंबई रीजन २०१६ साली सुरू झाला. तुमच्या खात्यात उजव्या कोपऱ्यात कोणता रीजन निवडलेला आहे, ते कामाला लागण्यापूर्वी बघून घ्या. उत्तर व्हर्जिनियात सर्व्हर उभा करून मुंबईत शोधत बसणारे नवशिके दर बॅचला भेटतात.

जाळ्याची आखणी

व्हीपीसीसाठी, म्हणजे क्लाउडमधल्या तुमच्या खाजगी जाळ्यासाठी, १०.२०.०.०/१६ हा आयपी पत्त्यांचा पट्टा घ्या (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका पट्टा लहान). सगळे जण १०.०.०.०/१६ घेतात, म्हणूनच तो टाळा. उद्या दुसऱ्या व्हीपीसीशी पीअरिंग (दोन जाळ्यांची जोडणी) करायची झाली आणि दोघांचे पट्टे एकमेकांवर आले, तर पीअरिंग होत नाही आणि तेव्हा पट्टा बदलणं म्हणजे घर पाडून बांधणं.

त्यात तीन सबनेट (जाळ्याचे तुकडे) करा. १०.२०.१.०/२४ हे सार्वजनिक, तर १०.२०.११.०/२४ आणि १०.२०.१२.०/२४ ही खाजगी, वेगवेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनच्या स्वतंत्र विभागांमध्ये). खाजगी दोन कशाला, असं वाटेल. आरडीएस या ॲमेझॉनच्या तयार डेटाबेस सेवेच्या सबनेट ग्रुपला किमान दोन झोन लागतात, म्हणून. प्रत्येक सबनेटमधले ५ पत्ते ॲमेझॉन स्वतःकडे राखून ठेवतं, म्हणजे /२४ मध्ये २५६ नव्हे, २५१ मिळतात.

सबनेटला ‘पब्लिक’ असं नाव दिल्याने ते सार्वजनिक होत नाही. ते ठरतं रूट टेबलवरून, म्हणजे वाटांच्या तक्त्यावरून. ज्या टेबलात ०.०.०.०/० ची, म्हणजे बाहेरच्या कुठल्याही पत्त्याची, वाट इंटरनेट गेटवेकडे जाते, ते जोडलेलं सबनेट सार्वजनिक. खाजगी सबनेटच्या टेबलात ही ओळ नसते. दोन वेगळी टेबलं करा आणि कुठलं कुणाला जोडलंय ते कन्सोलमध्ये (ॲमेझॉनच्या वेब पानावर) उघडून डोळ्यांनी बघा.

यंत्र

लहानात लहान घ्या. टी४जी-नॅनोला अर्धा जीबी मेमरी असते, आणि नुसतं एसएसएच पुढे ढकलायला ती पुरते. मोठं यंत्र घेतलं की ‘रिकामं पडलंय तर यावर ही क्रॉनजॉब टाकू’ ही बुद्धी होते. लहान यंत्र स्वतःच ही सवय लागू देत नाही.

इलास्टिक आयपी घ्या, म्हणजे यंत्र बदललं तरी पत्ता तोच राहील. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला सुमारे ३.६५ डॉलर. पत्ता यंत्राला जोडलेला असो वा नसो, पैसे लागतात.

लाँच करताना ‘ॲडव्हान्स्ड डिटेल्स’ उघडून मेटाडेटाची (यंत्राला स्वतःबद्दलची माहिती देणाऱ्या सेवेची) आवृत्ती व्ही२ सक्तीची आहे ना, ते पाहा. आणि या यंत्राला आयएएम रोल (अधिकारांचा संच) देणारच असाल तर तो फक्त नोंदी पाठवण्यापुरता द्या. एस३ (ॲमेझॉनची फाइल साठवण्याची सेवा) वाचण्याचा अधिकार असलेला रोल या यंत्रावर ठेवला, तर कागदपत्रं न ठेवताही कपाट दारात आणून ठेवल्यासारखंच झालं.

यंत्र चालू झालं की लगेच लॉगिन करू नका. आधी कन्सोलमधून ‘गेट सिस्टिम लॉग’ उघडा. पहिल्या बूटला क्लाउड-इनिट (यंत्राची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्रॅम) तिथे होस्ट कीचे, म्हणजे यंत्राची ओळख पटवणाऱ्या कीचे, फिंगरप्रिंट छापतं. ईडी२५५१९ या प्रकारच्या कीची ओळ शोधून ठेवा. पहिल्यांदा जोडताना एसएसएच विचारतं की या यंत्राची ओळख पटवता येत नाही, पुढे जाऊ का. बहुतेक जण न वाचता ‘यस’ टाइप करतात. तुम्ही फिंगरप्रिंट ताडून मग ‘यस’ म्हणा. एका मिनिटाचं काम आहे आणि ते करण्याची योग्य वेळ हीच असते.

सिक्युरिटी ग्रुप: इथे घाई करू नका

सिक्युरिटी ग्रुप म्हणजे यंत्रात काय आत येईल आणि काय बाहेर जाईल, त्या नियमांची यादी. तीन ग्रुप करा: जंपचा, ॲपचा, डेटाबेसचा.

जंपच्या ग्रुपमध्ये आत येणारा एकच नियम: पोर्ट २२ (एसएसएचचं), आणि तोही ठरलेल्या पत्त्यांवरूनच, प्रत्येक पत्ता /३२ लावून, म्हणजे तेवढा एकच. ०.०.०.०/० नको. ‘आमच्याकडे पासवर्ड बंद आहे, फक्त की चालते, मग जगाला उघडं ठेवलं तर काय बिघडतं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर २०२४ च्या १ जुलैला मिळालं. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरमधला एक दोष जाहीर केला, रिग्रेशन नावाने तो ओळखला जातो. लॉगिन न करणारा माणूस ठरलेल्या मुदतीत गप्प बसला की सर्व्हर वेळ संपल्याचा सिग्नल हाताळतो, आणि नेमक्या त्या क्षणी गोंधळ घडवून रूटचे (यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार मिळवता येत होते. २००६ मध्ये बुजवलेलं भोक २०२० मधल्या एका बदलात पुन्हा उघडं पडलं होतं. तुमची की कितीही मजबूत असो, इथे कीची पाळीच येत नव्हती. ज्यांचं पोर्ट फक्त चार पत्त्यांना दिसत होतं, त्यांनी त्या दिवशी शांतपणे अपडेट केलं.

अडचण अशी की घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलतो. मोबाइल डेटावर तर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक असतात, तो पत्ता उघडणं म्हणजे त्या सगळ्यांना उघडणं. कन्सोलमधलं ‘माय आयपी’ बटण सोयीचं आहे, पण ते त्या क्षणापुरतं. ऑफिसचा स्थिर पत्ता असेल किंवा कंपनीचं व्हीपीएन असेल तर तेवढाच उघडा. नसेल तर प्रत्येक नियमाच्या वर्णनात व्यक्ती आणि तारीख लिहा आणि दर सोमवारी जुने नियम काढा. हेही जमत नसेल, तर तो सेशन मॅनेजरकडे वळण्याचा इशारा समजा.

आता बाहेर जाणारे नियम. नव्या ग्रुपमध्ये बाहेर सगळंच मोकळं असतं आणि नवशिका तिकडे बघतही नाही. ती ओळ काढा. मग फक्त एवढं जोडा: ॲपच्या ग्रुपकडे २२, डेटाबेसच्या ग्रुपकडे ५४३२ (पोस्टग्रेस डेटाबेसचं पोर्ट), आणि अपडेटसाठी इंटरनेटकडे ८० व ४४३. नुसतं ४४३ ठेवलंत तर ‘ॲप्ट अपडेट’ लटकून राहील, कारण उबुंटूचे पॅकेज साठे साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे ८० वरून, येतात, त्यांची सही वेगळी तपासली जाते.

ॲप आणि डेटाबेसच्या ग्रुपमध्ये आत येण्याचा स्रोत म्हणून जंपचा आयपी लिहू नका, जंपचा ग्रुप निवडा. मग उद्या यंत्र बदललं, आतला आयपी बदलला, तरी नियम तसाच चालतो. सिक्युरिटी ग्रुप आलेल्या जोडणीचं उत्तर आपोआप बाहेर सोडतो, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही. नेटवर्क एसीएलचं (सबनेटला लागू होणाऱ्या नियमांच्या यादीचं) मात्र तसं नाही, तिथे परतीची वाटही लिहावी लागते. सुरुवातीला एसीएल आहे तसाच राहू द्या.

किल्ली प्रत्येकाची वेगळी

प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन चालवून ईडी२५५१९ प्रकारची की करायची आणि तिला पासफ्रेज द्यायची. खाजगी फाइल लॅपटॉपवरून कुठेही जात नाही, व्हॉट्सॲपवर नाही, मेलवर नाही. तुमच्याकडे येते ती फक्त डॉट-पब फाइल, म्हणजे कीचा सार्वजनिक भाग. लाँच करताना ॲमेझॉनने दिलेली डॉट-पेम की ही फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी. ती टीमला वाटली की नोंदींमध्ये सगळे जण ‘उबुंटू’ या एकाच नावाने दिसतात आणि कोण कधी आलं ते शोधता येत नाही.

सर्व्हरवर जंप-मंडळी अशा अर्थाचा एक गट करा, समजा त्याचं नाव ‘जंपर्स’. प्रत्येकाचं खातं या गटात, आणि खात्याची शेल (लॉगिननंतर कमांड घेणारा प्रोग्रॅम) ‘नोलॉगिन’. नवशिक्याला इथे धक्का बसतो: शेलच नाही तर माणूस आत जाणार कसा? पण त्याला या यंत्रात शिरायचंच नाही, पलीकडे जायचंय. एसएसएचमधून जोडणी पुढे ढकलायला शेल लागत नाही. आणि शेल नाही म्हणजे फाइल ठेवायलाही जागा नाही. दार रिकामं ठेवण्याचा हा सगळ्यात साधा उपाय आहे. मी ज्या सर्व्हरची गोष्ट वर सांगितली, तिथे एवढं एक केलं असतं तर त्या किल्ल्या तिथे साठल्याच नसत्या.

प्रत्येक खात्याच्या डॉट-एसएसएच फोल्डरला ७०० आणि त्यातल्या ऑथराइज्ड-कीज फाइलला (तिच्यात सार्वजनिक की असते) ६०० परवानगी द्या, म्हणजे फक्त मालकालाच वापरता येईल अशी, दोन्हीची मालकी त्याच खात्याची. तुम्ही रूट म्हणून फाइल बनवलीत आणि मालकी बदलायला विसरलात, तर की बरोबर असूनही सर्व्हर नकार देतो.

एसएसएचडीची सेटिंग

एसएसएचडी म्हणजे सर्व्हरवर एसएसएच जोडण्या स्वीकारणारा प्रोग्रॅम. त्याच्या मुख्य सेटिंग-फाइलला हात लावू नका. तिच्या शेजारी एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी नावाचं फोल्डर आहे, त्यात आपली वेगळी फाइल करा. नाव महत्त्वाचं आहे. एसएसएचडी एखादं सेटिंग पहिल्यांदा जिथे दिसेल तीच किंमत धरतो, नंतरची सोडून देतो. क्लाउड-इनिटची फाइल ५० आकड्याने सुरू होते आणि तिच्यात पासवर्डचं सेटिंग असू शकतं. तुम्ही आपल्या फाइलला ९९ दिलंत, या समजुतीने की शेवटचा शब्द आपला, तर तुमचं म्हणणं ऐकलंच जाणार नाही. म्हणून १० ने सुरू करा.

फाइलमध्ये हे लिहा: पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो, केबीडी-इंटरॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन नो, परमिट-रूट-लॉगिन नो, अलाउ-एजंट-फॉरवर्डिंग नो, एक्स११-फॉरवर्डिंग नो, मॅक्स-ऑथ-ट्राइज ३, लॉगिन-ग्रेस-टाइम ३०, लॉग-लेव्हल व्हर्बोज. अलाउ-ग्रुप्समध्ये ‘जंपर्स’ लिहा आणि सोबत ‘सुडो’ गटही लिहा. तो विसरलात तर सांभाळणारा ‘उबुंटू’ वापरकर्ता स्वतःच बाहेर राहील.

अलाउ-टीसीपी-फॉरवर्डिंगबद्दल दोन शब्द जास्त. सर्व्हर कडक करण्याच्या बहुतेक याद्यांत हे ‘नो’ करायला सांगतात. इतर सर्व्हरवर ते योग्यच. जंप सर्व्हरवर ‘नो’ केलं की त्याचं कामच थांबतं. इथे किंमत ‘लोकल’ द्या: पलीकडे जाता येईल, पण आतून बाहेर उलटा बोगदा काढता येणार नाही.

आणि फाइलच्या अगदी शेवटी ‘मॅच ग्रुप जंपर्स’ असा खंड सुरू करून त्यात परमिट-टीटीवाय नो (म्हणजे टर्मिनल मिळणार नाही) आणि परमिट-ओपन लिहा. परमिट-ओपनमध्ये कुठे कुठे जाता येईल ते नाव आणि पोर्टसह द्यायचं, उदाहरणार्थ आरडीएसचा पूर्ण एंडपॉइंट आणि ५४३२. इथे अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. तुम्ही एंडपॉइंटचं नाव लिहिलंत आणि सहकाऱ्याने त्याचा आयपी टाकला, तर त्याला नकार मिळेल, दोन्ही एकच असूनही.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. सेटिंग लागू करण्यापूर्वी ‘एसएसएचडी डॅश छोटा टी’ चालवा, ते व्याकरण तपासतं. मग ‘सिस्टिमसीटीएल रीलोड एसएसएच’ म्हणा. उबुंटूवर सेवेचं नाव एसएसएच आहे, शेवटी डी नाही. त्यानंतर ‘एसएसएचडी डॅश मोठा टी’ चालवून पासवर्ड-ऑथेंटिकेशनची ओळ शोधा, म्हणजे प्रत्यक्षात कोणती किंमत लागू झाली ते दिसेल. फाइलमध्ये काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका, या उत्तरावर ठेवा. आणि हे सगळं होईपर्यंत पहिली खिडकी बंद करायची नाही. दुसऱ्या टर्मिनलमधून नवीन लॉगिन करून पाहा. ते झालं की मगच पहिली सोडा.

पोर्ट २२ बदलून २२२२ करावं का? त्याने नोंदींमधला कचरा कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. पत्त्यांची मर्यादा घातली असेल तर कचराही येत नाही. शिवाय उबुंटू २४.०४ मध्ये पोर्ट एसएसएच-डॉट-सॉकेट धरून असतं, त्यामुळे बदल लागू करायला सॉकेटही पुन्हा सुरू करावं लागतं. मी २२ च ठेवतो. वारंवार चुकणारे पत्ते अडवणाऱ्या फेलटूबॅन या साधनाचंही तेच: पासवर्ड बंद, पत्ते मोजके, मग त्याला करण्यासारखं फारसं उरत नाही.

लॅपटॉपची बाजू

पूर्वी आतल्या सर्व्हरवर जायला दोन मार्ग वापरत. एक, खाजगी की जंपवर कॉपी करणं. दुसरा, एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे एसएसएचला डॅश मोठा ए देऊन लॅपटॉपवर की सांभाळणारा एजंट हा प्रोग्रॅम जंपवरून वापरू देणं. दुसऱ्यात की लॅपटॉपवरच राहते, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण तुम्ही जोडलेले असताना जंपवर तुमच्या एजंटचं एक सॉकेट तयार होतं. त्या यंत्रावर ज्याच्याकडे रूट आहे, तो त्या सॉकेटमधून तुमच्या नावाने सही करून घेऊ शकतो. की चोरली जात नाही, पण तेवढा वेळ तुमचा हात त्याच्या हातात असतो.

२०१६ मध्ये ओपनएसएसएच ७.३ सोबत प्रॉक्सीजंप आला आणि हा प्रश्न सुटला. कमांडमध्ये तो डॅश मोठा जे. यात लॅपटॉप आधी जंपशी एक एसएसएच जोडणी करतो. मग जंपला सांगतो, ‘१०.२०.११.२५ च्या २२ ला एक नळी जोड’. त्या नळीतून लॅपटॉप थेट आतल्या सर्व्हरशी दुसरी एसएसएच जोडणी करतो. ओळख, की, कूटबद्धता सगळं लॅपटॉप आणि आतला सर्व्हर यांच्यातच. मधल्या यंत्राला फक्त न उमगणारे बाइट जाताना दिसतात.

हे रोज टाइप करू नका. लॅपटॉपच्या डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची फाइल करून त्यात दोन खंड लिहा. पहिला ‘होस्ट जंप’: होस्टनेम म्हणजे इलास्टिक आयपी, यूजर म्हणजे तुमचं जंपवरचं नाव, आयडेंटिटी-फाइल, आणि आयडेंटिटीज-ओन्ली यस. दुसरा ‘होस्ट ॲप१’: होस्टनेम १०.२०.११.२५, यूजर उबुंटू, आयडेंटिटी-फाइल, आणि प्रॉक्सीजंप जंप. यापुढे ‘एसएसएच ॲप१’ एवढंच पुरे. विंडोज १० आणि ११ वरही हीच फाइल चालते, पुटी हे वेगळं साधन लागत नाही.

फाइलच का, तर त्यामागे एक सापळा आहे. तुम्ही कमांडमध्येच डॅश आय देऊन की सांगितलीत आणि सोबत डॅश जे दिलंत, तर ती की फक्त शेवटच्या यंत्रासाठी वापरली जाते. जंपसाठी नाही. मग जंप नकार देतो आणि माणूस तासभर आतल्या सर्व्हरची परवानगी तपासत बसतो.

डेटाबेसपर्यंतचा बोगदा

आरडीएसवर एसएसएच नसतं, म्हणून इथे लोकल फॉरवर्ड: एसएसएचला डॅश मोठा एन, मग डॅश मोठा एल, त्यापुढे १५४३२, कोलन, आरडीएसचा एंडपॉइंट, कोलन, ५४३२, आणि शेवटी जंप. डॅश एन म्हणजे ‘शेल मागू नको’. तो विसरलात तर नोलॉगिन तुम्हाला लगेच बाहेर काढेल. आता लॅपटॉपवरचं १५४३२ हे डेटाबेसचंच दार झालं. ५४३२ मुद्दाम टाळलंय, कारण लॅपटॉपवर स्वतःचा पोस्टग्रेस चालू असेल तर चुकून त्यालाच जोडले जाल. मी असा एकदा स्वतःच्याच यंत्रावरची नोंद दुरुस्त करून मोकळा झालो होतो.

एक बारीक गोष्ट. आरडीएसवर पोस्टग्रेस १५ पासून टीएलएस (कूटबद्ध जोडणी) मुळातच सक्तीचं आहे. तुम्ही लोकलहोस्टला जोडता, प्रमाणपत्रावर मात्र एंडपॉइंटचं नाव असतं. पूर्ण पडताळणी, म्हणजे एसएसएलमोड व्हेरिफाय-फुल, लावली की नाव जुळत नाही म्हणून जोडणी तुटते. लोक पडताळणीच काढून टाकतात. तसं करू नका. जोडणीच्या ओळीत होस्ट म्हणून खरा एंडपॉइंट द्या आणि होस्ट-ॲड्र म्हणून १२७.०.०.१. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसशी जोडणारा प्रोग्रॅम) नाव पडताळतो एंडपॉइंटशी आणि जातो मात्र बोगद्यातून. आणि आरडीएसच्या पानावर ‘पब्लिकली ॲक्सेसिबल’ समोर ‘नो’ आहे ना, ते एकदा बघा.

अडलं तर संदेश नीट वाचा

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पाकीट पोचलंच नाही. सिक्युरिटी ग्रुप, रूट टेबल, किंवा तुमचा आयपी बदललाय. दहापैकी बहुतेक वेळा तिसरंच असतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पोचलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, वाट तपासायची गरज नाही. ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ म्हणजे वाट आणि सेवा दोन्ही ठीक, नाव किंवा की चुकली. उबुंटूच्या इमेजवर नाव ‘उबुंटू’, ॲमेझॉन लिनक्सवर ‘ईसी२-यूजर’. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड’ दिसलं तर परमिट-ओपन किंवा अलाउ-टीसीपी-फॉरवर्डिंग पाहा. काहीच उमगेना तर डॅश व्ही लावा, ते कोणती की पुढे केली आणि कुठे अडलं ते ओळीओळीने सांगतं.

नोंदी

व्हर्बोज पातळीवर ऑथ-डॉट-लॉगमध्ये प्रत्येक लॉगिनसोबत वापरलेल्या कीचा फिंगरप्रिंट येतो. या नोंदी यंत्रावरच राहिल्या तर शिरकाव करणारा त्या पुसून जाईल, म्हणून त्या लगेच क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या नोंदी साठवणाऱ्या सेवेकडे पाठवा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात लॉग १८० दिवस राखायचे असतात आणि ठरावीक प्रकारचे सुरक्षा-प्रसंग कळल्यापासून ६ तासांत कळवायचे असतात. क्लाउडवॉचमध्ये मुदत निवडताना १८० ही संख्या लक्षात असू द्या. उबुंटूचं घड्याळ यूटीसीवर असतं: नोंदीत रात्रीचे २ दिसले तर आपल्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात. कुणावर मध्यरात्री लॉगिन केल्याचा संशय घेण्यापूर्वी साडेपाच तास मिळवून बघा.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं त्याच दिवशी काढा. नुसती की काढून भागत नाही, चालू असलेली जोडणी तोडावी लागते.

पाडून पुन्हा उभारा

सगळं चालू लागलं की आठवड्याभरात हे यंत्र मुद्दाम काढून टाका आणि नवं उभारा. आतापर्यंत केलेलं सगळं, म्हणजे खाती, कीज, एसएसएचडीची फाइल, क्लाउडवॉचचा एजंट, एका यूजर-डेटा स्क्रिप्टमध्ये (यंत्र पहिल्यांदा सुरू होताना आपोआप चालते ती) लिहा. टेराफॉर्म (क्लाउडची मांडणी फाइलींत लिहून उभारण्याचं साधन) येत असेल तर उत्तमच. स्क्रिप्टमध्ये एकही गुपित येत नाही, सार्वजनिक कीजच येतात, त्यामुळे ती गिटमध्ये बिनधास्त ठेवता येते. अनअटेंडेड-अपग्रेड्सला (उबुंटूच्या आपोआप अपडेट करणाऱ्या सोयीला) पहाटे आपोआप रीबूट करण्याची परवानगी त्यातच द्या. यंत्र रिकामं असल्याने त्या रीबूटने कुणाचं काही अडत नाही. एसएसएचडीच्या चुकीने कधी स्वतःच बाहेर अडकलात, तर डिस्क काढून दुसरीकडे जोडण्याची उठाठेव करू नका. स्क्रिप्ट चालवा, नवं यंत्र घ्या.

एक अडचण येईलच. नव्या यंत्राची होस्ट की नवी असते, पत्ता मात्र तोच. सगळ्यांच्या लॅपटॉपवर ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ अशी मोठी ताकीद येईल. ‘ते येतंच, जुनी ओळ काढून टाक’ असं टीमला सांगितलंत, तर खरोखर कुणी मधे येऊन बसलं त्या दिवशीही ते हेच करतील. म्हणून क्रम असा ठेवा: नवं यंत्र उभं करा, सिस्टिम लॉगमधून फिंगरप्रिंट घ्या, तो टीमच्या ग्रुपवर टाका, किमान एकाने वाचल्याचं कळवलं की मग इलास्टिक आयपी जुन्यावरून काढून नव्याला जोडा. त्यानंतर प्रत्येकाने एसएसएच-कीजेनला डॅश मोठा आर आणि आयपी देऊन जुनी नोंद काढायची, पुन्हा जोडायचं, आणि समोर आलेला फिंगरप्रिंट ग्रुपवरच्याशी अक्षर न् अक्षर ताडून मगच ‘यस’ टाइप करायचं.